घरटी एक तुकडा

सातव्या महिन्यात माझ्या सुनेने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, ह्या वेळी काही नको. डोहाळजेवण नको, ओटी नको, हिरवी साडी नको. कोणी घरात जमायचं नाही." एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. मी म्हटलं, बरं बाय. दुसरं काय म्हणणार? सासू असले तरी मला अक्कल आहे.

गेल्या वेळी आम्ही सगळं केलं होतं. फुलांचा मुकुट, फुलांच्या बांगड्या, सजवलेला झोपाळा, माझ्या मुलाने करून आणलेला एवढा मोठा फ्लेक्स. वाडीतली झाडून सगळी माणसं जेवून गेली. आणि आठव्यात एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. रत्नागिरीहून आम्ही तिला न घेता परत आलो, आणि त्या दिवसापासून वाडीने तो विषय बंद केला. कोणी वाईट मनाने नाही. आमच्याकडे माणसाला फार दुःख झालं की त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारतात. माझ्या सुनेशी सगळ्या जगाने दोन वर्षं फक्त पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. घरात मीही तेच केलं.

आता पुन्हा दिवस गेले, तर ही पोटाला हातच लावीना. तशी ती शाळेत शिकवते, बोलायला फटकळ, माझ्यासारखीच. म्हणून आमचं जमतं. पण पोटाचा विषय निघाला की तिची वाचाच बसायची. डॉक्टरकडून आली की म्हणायची, "रिपोर्ट बरे आहेत." बाळ बरं आहे, असं नाही. रिपोर्ट. पोटात लाथ बसली की दचकायची आणि कोणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघायची. मी जन्मभर अंगणवाडी चालवली. लोकांच्या सुनांना "बाळाशी बोला, पोटावर हात ठेवा" सांगून सांगून घसा कोरडा केला, आणि माझ्या स्वतःच्या घरात हे! आठवा लागला की ती माहेरी अलोऱ्याला जाणार होती, बाळंतपण तिकडेच ठरलं होतं. मला एकच घोर लागला होता. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, हिने ह्या पोराला आपलं म्हणावं. नाहीतर ते बिचारं स्वतःच्याच आईकडे पाहुणं म्हणून येणार.

हे मी बचत गटाच्या बैठकीत बोलले, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

"कार्यक्रम नको म्हणते ना? नको तर नको," वाडीतल्या सगळ्यात वयस्कर बाई, ज्यांना आम्ही थोरल्या काकी म्हणतो, त्या म्हणाल्या. "गोधडी शिवूया. गोधडी म्हणजे काय कार्यक्रम नाय."

घरटी एक जुना तुकडा घ्यायचा, घरातल्या माणसाच्या अंगावरचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. सगळे जोडून पोटुशीला वाडीची ऊब द्यायची. पूर्वी आमच्याकडे असं करायचे म्हणे. मी कधी पाहिलं नव्हतं, पण थोरल्या काकींनी 'म्हणे' म्हटलं की त्यावर कोणी पुरावा मागत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमची वाडी बौद्धांची. शिक्षक, कारकून, निम्मी वाडी मुंबईला कामाला. आम्ही अंधश्रद्धा मानत नाही. हे वाक्य आमच्याकडे रोज कोणीतरी म्हणतं, आणि म्हणून झालं की तोच माणूस पुढे म्हणतो, "पण उगाच कशाला?" बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवू नये, हे आम्ही मानत नाही. पण उगाच कशाला? गेल्या वेळी टोपडी-दुपटी सगळं आधीच तयार होतं. ते कोणी तोंडाने बोललं नाही, पण प्रत्येकीच्या डोक्यात तेच होतं. तेव्हा ठरलं, गोधडी आईची. बाळाची नाही म्हणजे नाही.

आता आईची गोधडी आणि बाळाची गोधडी ह्यांत फरक काय, तर आकाराचा. झालं! एकीने हात पसरून माप दाखवलं, तर दुसरी किंचाळली, "अगो, एवढीशी? ती पाळण्यात मावेल!" माप वाढवलं. "ही शाळेतल्या पोराची वाटते." आणखी वाढवलं. एका माणसापुरती झाली, तर कोणीतरी शंका काढली, की पोर मोठं झाल्यावर तेही एक माणूसच होणार, म्हणजे अर्थ तोच. शेवटी त्या पोराच्या कुठल्याच वयाला ती बसणार नाही एवढी मोठी गोधडी शिवायची, असं एकमताने ठरलं. मी कपाळाला हात लावला. मनातून मात्र बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? माझ्या सुनेसाठी एवढ्या बायका भांडत होत्या.

दुसरा नियम कात्रीचा. पोटुशीच्या कापडाला कात्री लावायची नाही, आणि एकदा घातलेला टाका उसवायचा नाही. कापड हाताने फाडायचं आणि दोरा दाताने तोडायचा. मानत नाही, पण उगाच कशाला? थोरल्या काकींच्या तोंडात एक दात शिल्लक नाही. दोरा तोडायची वेळ आली की त्या सुई तशीच पुढे धरायच्या आणि शेजारी जी असेल तिने वाकून चावायचा. त्यांच्या शेजारी जी बसायची तिचं स्वतःचं काम त्या दिवशी काही व्हायचं नाही.

बसायचं कुठे, तर विहाराला लागून असलेल्या समाजाच्या हॉलमध्ये. हा हॉल म्हणजे आधी दोन खोल्या होत्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की लग्नाला सलग जागा हवी. मधली भिंत पाडली. भिंतीतला खांब पाडता येईना, कारण वरचा सगळा स्लॅब त्याच्यावर. तो राहिला, हॉलच्या बरोबर मधोमध. वाडीतली सगळी लग्नं त्याच्या अल्याडपल्याड लागतात आणि अर्ध्या वऱ्हाडाला नवरी जेवणाच्या पंगतीत पहिल्यांदा दिसते. सुरुवातीला त्या खांबावरून खूप भांडणं झाली. आता सवय झाली. आता तो आम्हाला दिसतच नाही.

सुनेला पत्ता लागू द्यायचा नव्हता. मी तिला सांगितलं, आम्ही बायका मिळून हॉल साफ करतोय. आठवड्याभराने तिने विचारलं, "आई, हॉल एवढा घाण होता का?" मी म्हटलं, "काय सांगू तुला, फार."

गाव मंडळाचे अध्यक्ष एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकही गोष्ट हळू आवाजात केलेली नाही. त्यांनी गोधडीची बातमी मोबाईलवरच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकली (सून त्यात नाही, तेवढं नशीब), आणि मुंबई मंडळ उठून बसलं. आमची घरं बंद असली म्हणून काय आम्ही वाडीतले नाही? आमचा तुकडा नको? मग मुंबईच्या गाडीने पिशव्या यायला लागल्या. एका पिशवीत वॉचमनची पँट, पट्टा ओवायच्या पट्ट्यांसकट. एकीत क्रिकेटच्या सामन्याचा टी-शर्ट, त्यावर ट्रॅव्हल्सवाल्याची जाहिरात. एकाने छत्रीचं काळं कापड पाठवलं, वर निरोप, 'खूप वापरलेलं आहे.' एकाने तर सोफ्याचं मखमली कव्हर धाडलं. मी फोन करून म्हटलं, दादा, अंगाला लागलेलं कापड हवं. तो म्हणाला, "वहिनी, बारा महिने आम्ही त्याच्यावरच बसतो. अंगाला नाय तर काय कोणाला लागलं?" घेतलं.

माझा मुलगा जयगडच्या बंदरावर कामाला, सुट्टीला घरी येतो. त्याने आपल्या कामावरच्या जाकिटाचा तुकडा दिला, चकाकत्या पट्टीचा. "अंधारात सापडेल तरी," म्हणाला. एरवी तोही ह्या विषयावर बोलायचा नाही. तुकडा हातात देताना त्याचे डोळे भरून आले आणि मग आम्ही दोघं पावसापाण्याचं बोललो.

आता थोरल्या काकी आणि धाकट्या काकी. ह्या दोघी सख्ख्या जावा. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा एकीच्या वाट्याला पाटा गेला आणि दुसरीच्या वाट्याला वरवंटा. तू दे, तू दे, करता करता कोणीच दिला नाही. पाटा एका पडवीत, वरवंटा दुसऱ्या पडवीत, आणि दोघींचं बोलणं बंद. पुढे दोघींकडे मिक्सर आले, तरी अबोला काही सुटला नाही. दोघींचा हात मात्र असा, की गोधडीवर टाका घालावा तर त्यांनीच. एकीला बोलावून दुसरीला वगळणं म्हणजे वाडीत राहायचं नाही असं ठरवणं. दोघींना बोलावलं.

समोरासमोर तर बसणार नाहीत. शिवाय दोघींना पाठ टेकायला काहीतरी लागतं. तेव्हा थोरल्या काकी खांबाला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसल्या, आणि धाकट्या काकी त्याच खांबाला मागून पाठ लावून व्यासपीठाकडे तोंड करून बसल्या. लादी गार लागते म्हणून दोघींनी आपापल्या तुकड्याची कड पार खांबापर्यंत बुडाखाली सरकवून घेतली आणि तिथून बाहेरच्या बाजूला शिवत सुटल्या. आम्ही बाकीच्या भोवतीने बसून पुढे पुढे तुकडे जोडत गेलो. अशी एका खांबाला दोन बाजूंनी अर्धी अर्धी गोधडी वाढत गेली. खिडकीच्या बाजूने दोन्ही अर्ध्या एकमेकींना भिडल्या, तो सांधा आम्ही घालून टाकला. दुसऱ्या बाजूला फट राहिली होती. त्या फटीतून आम्ही चहा घेऊन आतबाहेर करायचो.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला दिसलं कसं नाही? नाही दिसलं. खांब बघायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं, आणि त्याला टेकून दोन म्हाताऱ्या सतत बसलेल्या.

शेवटची फट शिवायची म्हणजे दोघींच्या कडा एकमेकींवर आणायच्या. कोणाची कड वर आणि कोणाची खाली? तिथे घोडं अडलं. थोरल्या म्हणाल्या, मी मोठी, माझी वर. धाकट्या म्हणाल्या, माझे टाके बारीक, माझी वर. म्हणजे एकमेकींना नाही म्हणाल्या, मला म्हणाल्या.

"तिला सांग, तिची कड जाड झालीय, उशाला टोचेल."

"तिला सांग, टोचायचं काय ते इतकी वर्षं टोचून झालंय."

दोघींच्या पाठी एका खांबाला, आणि मी निरोप घेऊन खांबाला प्रदक्षिणा घालतेय! उद्यावर सुनेचं जाणं आलं, आणि गोधडीचं तोंड उघडंच. मी शेवटी चिडून म्हटलं, मसणात गेली ती कड, मी जाते घरी. आणि खरंच चहाची भांडी उचलून बाहेर आले.

परत गेले तर सगळ्या हातातलं काम टाकून दोघींकडे बघत होत्या. झालं असं होतं, की थोरल्या काकींनी टाका संपवून सवयीने सुई बाजूला धरली, आणि शेजारी कोणीच नव्हतं. हात तसाच पुढे राहिला. तेव्हा मागून धाकट्या काकी गुडघ्यांवर सरकत आल्या, वाकल्या आणि त्यांनी कट्‌कन दोरा तोडला.

थोरल्या काकींनी त्यांच्याकडे बघितलं. "दात बरे ऱ्हायलेत गो तुझे," म्हणाल्या.

"दोन दुखतात," धाकट्या काकी म्हणाल्या.

बस्स. एवढंच बोलणं. मग दोघी त्या फटीच्या दोन टोकांना बसल्या, अर्ध्या वाटेपर्यंत एकीची कड वर, पुढे दुसरीची, आणि शिवत शिवत मध्ये येऊन भेटल्या. अध्यक्षांनी त्याचा व्हिडिओ काढला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मीसुद्धा रडले, मी! इतक्या वर्षांचा अबोला आमच्या डोळ्यांसमोर मिटत होता, तेव्हा खांबाकडे कोण बघतंय?

शेवटची गाठ बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग घडी घालायची म्हणून आम्ही चहूबाजूंनी कडा धरल्या. अध्यक्ष म्हणाले, एक, दोन, तीन. आम्ही गोधडी उचलली, आणि ती खांबाला परकर नेसवल्यासारखी वर आली.

आम्ही ती हळूच खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

"हा खांब मध्येच कुठून आला?" अध्यक्षांनी विचारलं. शपथेवर सांगते, असंच विचारलं.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. एक टाका उसवा, कोणीतरी म्हणालं. लगेच सगळ्या अंगावर धावून गेल्या, पोटुशीचा टाका उसवतात होय! बरं, उसवायचा तर कुठला? नुकता शिवला तो? थोरल्या काकींनी त्या सांध्यावर आडवा हात ठेवला. "ह्याला कोण हात लावतं ते बघते." आणि धाकट्या काकी त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, हे एक नवीनच. अध्यक्षांनी मुंबई मंडळाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे बांधकामाच्या लायनीत असलेले एक जण होते, त्यांनी मोबाईलमधून खांब बघितला आणि ओरडले, "खांबाला हात लावू नका! स्लॅब खाली येईल!" आम्ही म्हटलं, खांब पाडायचं कोणी बोललंच नाही. ते म्हणाले, तुमचा काय भरवसा. एक म्हणाली, गोधडी छतापर्यंत चढवून बघू. चढवून? वर काय आभाळ आहे? पण बांबू हवे म्हणून अध्यक्षांनी माईक सुरू केला, आणि कोणी थांबवायच्या आत साऱ्या वाडीला कर्ण्यावरून ऐकू गेलं: "ग्रामस्थांना विनंती. आपल्या सूनबाईंसाठी शिवलेली गोधडी हॉलमध्ये अडकली आहे. ज्यांच्याकडे लांब बांबू असतील त्यांनी त्वरित आणावेत."

मी जीभ चावली. आमचं घर हॉलच्या मागेच.

बांबूच्या आधी माझी सून आली. गाऊनवर ओढणी टाकलेली, पाय सुजलेले, दाराच्या चौकटीला धरून उभी. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार, आणि ते बरोबरच होतं. तिने इतकं बजावून सांगितलं होतं.

"आई, हे काय आहे?"

"गोधडी," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग खांबाने का घातली आहे?"

अध्यक्ष खाकरले. "तांत्रिक अडचण आहे," म्हणाले.

तिने एकदा गोधडीकडे बघितलं. छत्री, मखमल, ट्रॅव्हल्सची जाहिरात, वॉचमनची पँट. आणि ती हसायला लागली. पहिल्यांदा नाकातून, मग मोठ्याने, मग तिला उभं राहवेना म्हणून लादीवर बसली. मी ते हसणं विसरून गेले होते. तिचं पोट गदागदा हलायला लागलं म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

"अहो, मग कापा ना!" ती डोळे पुसत म्हणाली. "किती सोपं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कापायचं नाही," मी म्हटलं. "उसवायचंही नाही. अशा दिवसांत..."

"आपण मानत नाही ना?"

"अजिबात मानत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण उगाच..."

तिचं हसणं थांबलं. "गेल्या वेळी मी एकदाही कात्री हातात धरली नव्हती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, वर्गात बोलते तसं स्पष्ट बोलली. "पपई खाल्ली नाही. ग्रहणात अंथरुणावरून उठले नाही. तिन्हीसांजेला दारात उभी राहिले नाही. तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं केलं. मग काय चुकलं माझं? मी दोन वर्षं रोज तेच शोधते आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा. मला खरंच हवं आहे."

बायका माना खाली घालून आपापल्या सुया बघत बसल्या. पावसापाण्याचं बोलायची सोय नव्हती. मी पुढे झाले. मला गुडघ्यांवर बसता येत नाही, तरी बसले तिच्या समोर.

"तुझं काहीही चुकलं नाही," मी म्हटलं. "काही म्हणजे काही नाही. हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं गो बाय."

तिने ओढणीने तोंड पुसलं. मग तिने हात पुढे केला. "कात्री द्या."

कात्री एकच होती, हॉलच्या उद्घाटनाची, कपाटात ठेवलेली. अध्यक्षांनी ती आणली ती सवयीने तबकात घालून आणली, दांड्याला लाल रिबीन अजून बांधलेली. कोणाला हसायचंही भान नव्हतं. सुनेने विचारलं, काकींचा सांधा कुठला. थोरल्या काकींनी दाखवला. मग ती सरकत सरकत खिडकीच्या बाजूला गेली, आणि आम्ही घातलेल्या सांध्यावर तिने कात्री चालवली. कात्री बोथट, रिबिनी कापून कापून तिला दुसरं काही येत नव्हतं. दोन्ही हातांनी दाबून दाबून, बाहेरच्या कडेपासून थेट खांबापर्यंत तिने ती गोधडी कापली. प्रत्येक टाक्याला माझा जीव खालीवर होत होता, मीही काय मोठी शहाणी नाही. पण काही झालं नाही. बाहेर कोंबडं ओरडत होतं, ते ओरडत राहिलं.

गोधडी सुटली. आम्ही ती ओढून मोकळ्या जागेत पसरली. कापलेला सांधा सगळ्या जणींनी मिळून भराभर पुन्हा शिवून काढला, ह्या वेळी खांबापासून लांब बसून. मग दिसलं, की बरोबर मधोमध खांबाएवढं भोक राहिलं आहे. लगेच चार बायका चार तुकडे घेऊन धावल्या. धाकट्या काकी तर आपल्या नेसत्या लुगड्याचा पदर फाडायला निघाल्या.

"नको," माझी सून म्हणाली. "तेवढं राहू दे."

"अगो, पाय अडकंल रात्रीचा. थंडी शिरंल आत," थोरल्या काकी म्हणाल्या.

"शिरू दे. ते बुजवायचं नाही." ती गोधडीवर बसली होती, त्या भोकाच्या कडेला. एक हात तिने कडेवर ठेवला होता आणि दुसरा पोटावर, सगळ्यांच्या देखत, चांगला पसरून. "ती ह्याच्या ताईची जागा आहे."

मी सगळ्यांसमोर भडाभडा रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. अध्यक्ष खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. एकीने तुकडा हातातून खाली ठेवला, मग बाकीच्यांनी ठेवले.

थोरल्या काकी पुढे सरकल्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाव काय ठेवलं व्हतंस गो तिचं?" त्यांनी विचारलं.

तिचं नाव ठेवलेलं होतं, हे मला माहीतही नव्हतं. आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं. माझी सून ताठ बसली. मग तिने ते नाव सांगितलं, दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात.